देव बघत नाय म्हनून

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या नानांना, कोणी 'देवासारखे धावून आलात' म्हटलं की ते चिडतात. एकदा शेजारची सून विहिरीपाशी घसरून पडली. नानांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. परत आल्यावर तिच्या सासूने हात जोडले आणि नेमकं तेच वाक्य म्हटलं. नाना म्हणाले, "देव धावला असता तर मी जेवत नसतो का बसलो? भात थंड झाला माझा."

नंदाखालला आमची केळीची वाडी आहे. नाना देव मानत नाहीत आणि हे ते कोणी विचारायच्या आधीच सांगतात. देवळाच्या उत्सवाला मोठा घड मात्र आमच्याच वाडीतून जातो. "देवाला नाय," नाना बजावतात, "खानाऱ्यांना." पावडर लावून केळी पिकवणं त्यांना चालत नाही. एक व्यापारी हसून म्हणाला, "नाना, कोण बघतंय?"

"कोन बघत नाय, तेच तर सांगतोय! देव बघत असता तर मी निवांत झोपलो असतो. आता मलाच बघायला लागते."

बांधापलीकडचे बस्त्याव काका दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून नानांना सुधारायला आमच्या ओटीवर येऊन बसतात.

"अरे, देवच नाय तर चांगला वागायचा कशाला?"

"तू चुकलास की फादरकडे जातोस, मोकळा होतोस. आमची ही नारळ फोडते, मोकळी होते. मला मोकळा करनारा कोन हाय? म्हनून मला चुकायचीच भीती."

काका चहा संपवून, मान हलवत निघून जातात. पुढच्या रविवारी परत हजर.

मी रोज दिवा लावते, उपास धरते. पण खरं बोलणं जिवावर येतं, तेव्हा मला देव आठवत नाही, नाना आठवतात. देवळात बायका मला 'नास्तिकाची सून' म्हणतात. मी मान खाली घालते. त्यांना वाटतं लाजले. मी हसू लपवत असते.

मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. एका सकाळी त्यांनी नानांना जवळ बोलावलं.

"अवं, मी पुढे जाते. वर भेटाल ना मला?"

मी दारात पेज घेऊन उभी होते. मनात म्हटलं, नाना, हो म्हणा. एक शब्द तर म्हणायचा होता. तेवढ्यावर त्या सुखाने गेल्या असत्या. पण नाना त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. आज बोलले असते तर त्यांनी लगेच ओळखलं असतं.

नाना बराच वेळ त्यांचा हात चोळत बसले. मग म्हणाले, "वर काय हाय ते मला ठाव नाय. पन तू तिथे असशील, तर मी येनारच."

सासूबाईंचा चेहरा उजळला. "मग मी असते," त्या म्हणाल्या. "पन घाई नका करू. केळीला पानी कोन देईल?"

त्या गेल्या, त्यानंतरच्या रविवारी बस्त्याव काका आले. चहा संपवून काकांनी हळूच विचारलं, "नाना, आता तरी मानतोस काय रे?"

"नाय," नाना वाडीकडे बघत म्हणाले. "पन बस्त्याव, तुझाच खरा निघू दे."