साहेबाची टरफलं, चंद्रभानजींची वांगी

"वांगे असे काढीन, का दर्यापूरचे पाहुने रोडगा बाजूले ठेवून नुसती भाजी खातीन," चंद्रभानजी ओट्यावर बसून सांगत, आणि ऐकणारे मान हलवत. न हलवून करतात काय? तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना इकडचा कापूस हवासा झाला आणि अमरावतीच्या आसपास ज्याने त्याने तुळशीपुरती जागा सोडून सगळीकडे सरकी टोचली. बैलांच्या गळ्यात चांदी आली, पण माणसांच्या ताटातून भाजी गेली. गावात वांगी उरली ती फक्त चंद्रभानजींच्या परसात.

ती राखली होती लेकीसाठी, शकुनसाठी. मार्गशीर्षात दर्यापूरचे तिचे होणारे सासू-सासरे, खुशालराव आणि मनकर्णाबाई, सुपारी फोडायला येणार होते. विहीणबाईंचा निरोप होता, "बाकी काई नोको, रोडगे अन् वांग्याची भाजी करा." आणि नेमकी वांगी बुडाशी सडायला लागली.

कॅम्पातल्या साहेबाच्या बागेतला सहदेव माळी म्हणाला, "अंड्याचे टरफलं पुरा."

आता चंद्रभानजींच्या गळ्यात माळ. घरात अंड्याचं नाव निघालं तरी बायको पार्वताबाई चूल सारवून घेत. पण लेकीपुढे टरफलाचं काय? साहेबाच्या मुदपाकखान्यातली पोतंभर टरफलं कापसाच्या गाठोड्यात लपून घरी आली. कुटायची तर खलबत्ता बाटणार, म्हणून चंद्रभानजींनी ती तशीच झाडाझाडाशी पुरली, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून वर सढळ हाताने हळद भुरभुरली. हुशारी जास्त झाली ती इथे.

वांगी सावकाराच्या गालांसारखी तुकतुकीत झाली. सुपारीच्या सकाळी पार्वताबाई विहीणबाईंना कौतुकाने परसात घेऊन गेल्या. कुणाच्या तरी कोंबड्यांनी माती उकरून ठेवली होती.

"अवं माय, करनी!" मनकर्णाबाई ओरडल्या.

हळद लावलेलं अंडं, आणि तेही झाडागणिक! वऱ्हाडात याचा अर्थ कुणाला शिकवावा लागत नाही. पार्वताबाईंची नजर थेट कुंपणापलीकडे गेली. तिथे जाऊ मैनाबाई राहत, आणि त्यांच्या पोरीला याच मनकर्णाबाईंनी नाकारलं होतं.

"मैनाबाई, माह्या पोरीचं चांगलं होते तं तुमच्या पोटात काहून दुखते?"

"म्या करनी केली अस्ती तं इतके अंडे वाया घातले अस्ते का?" मैनाबाई कुंपणावरून म्हणाल्या. "एका अंड्यात काम होते."

मनकर्णाबाईंनी पदर सावरला. "चला, गाडी जुपा. करनी लागल्या घरची पोट्टी मले नोको."

चंद्रभानजींनी मनात तोलून पाहिलं. करणीने लेकीचं लग्न जातं, खऱ्याने नुसती अब्रू. खरं स्वस्त पडत होतं.

"करनी-बिरनी काई नाई. ते टरफलं म्या पुरले."

मग पार्वताबाई हळूच म्हणाल्या, "इतके अंडे खाल्ले तुमी? कवा?"

"म्या नाई खाल्ले. साहेबानं खाल्ले."

"म्हंजे साहेबाचं उष्टं आमच्या ताटात येऊन राह्यलं होतं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

खऱ्याचा भाव चढत चालला. चंद्रभानजींनी आशेने खुशालरावांकडे पाहिलं. खुशालराव वांग्यांकडे पाहत होते.

"वांगे मात्र मस्त आले," ते पुटपुटले, आणि बायकोच्या एका नजरेने गाडीकडे वळले.

शेवटी निवाडा मनकर्णाबाईंनीच केला. "करनी नाई म्हनता ना? मंग हे वांगे तुमीच खा. लगन लागेपावतर, सकाय-संध्याकाय. तुमाले काई झालं नाई तं पोट्टी आमची."

सुपारी फुटली. पाहुण्यांनी रोडगे वरणाशी खाल्ले. पार्वताबाई त्या वांग्यांना हात लावीनात, तेव्हा चंद्रभानजींनी परसातच तीन दगड मांडून आपली भाजी आपण शिजवायला सुरुवात केली. संक्रांत झाली. दरवर्षी यावेळी वांगी दमतात. ही दमेनात. एक तोडावं तर शेजारी दोन लोंबत. टरफलांचा गुण असा, की माळी सांगता सांगता थकला असता.

होळीच्या दिवशी पुरणपोळीचा वास घरभर फिरत होता. चंद्रभानजी आपलं ताट घेऊन चुलीजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अवं, शकुनचं लगन जराक अलीकडं घेता येत नाई का?"

"मुहूर्त वैशाखातलाच हाये," पार्वताबाई पोळी उलटत म्हणाल्या. "जेवा."