सतरा तासांचा खेळाडू

"लोक दहा मिनिटांत गेम सोडतात, सुदर्शन. शुक्रवारपर्यंत आकडे वाढले नाहीत, तर 'मेंढवाडा' बंद," करुणा मॅडम म्हणाल्या.

मॅडमच्या सिडकोतल्या छोट्या कंपनीत सुदर्शनने वर्षभर खपून हा मेंढरं राखायचा गेम बनवला होता. त्याने एक युक्ती केली. खेळाडूने फोन खाली ठेवला की कोकरू ओरडणार आणि दर तासाला लांडगा येणार. वीस जणांच्या फोनवर त्याने गेम टाकला. विसावा फोन खुलताबादला राहणाऱ्या त्याच्या वडिलांचा, केरबांचा होता.

कोकराच्या ओरडण्याला कंटाळून एकोणीस जणांनी दुपारपर्यंत गेम काढून टाकला. विसावा मात्र रोज सतरा तास खेळत होता.

पहिल्या दिवशी मॅडमनी पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी त्या घाबरल्या.

"सतरा तास! हा माणूस जेवतो कधी? कोण आहे हा?"

"आमचे आबा," सुदर्शन हळूच म्हणाला.

त्याने आबांना फोन लावला. कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. मग मॅडमनी गाडी काढली आणि वाटेत ग्लुकोजचे दोन पुडे घेतले.

केरबा ओसरीवर बाजेवर घोरत होते. शेजारची अंबिका एका हाताने शेंगा सोलत फोन बघत होती. गल्लीतला कडूबा बाजूला बसून होता.

"आबांना काय झालं?" सुदर्शनने विचारलं.

"काय व्हायचंय? त्यांची बारी सकाळीच झाली. आता माझी. चारनंतर कडूबामामाची."

"आणि माझा फोन का कट करता?"

"तुमचा फोन आला की मेंढरं दिसंनात!"

मॅडम मटकन खाली बसल्या. "म्हणजे अख्खी गल्ली खेळतेय?"

"खेळतंय कोण?" कडूबा चिडला. "राखायलोत. धनी झोपला तर मेंढरं वाऱ्यावर सोडायची व्हय?"

केरबा उठून बसले. "तुझी माय गेल्यापासून हितं कुणी टेकत नव्हतं, सुदर्शन. आता बारीच्या निमित्तानं समदे येतेत."

"पण आबा, आकडे खोटे निघाले. आता गेम बंद होणार."

"मॅडम, जरा धरा," अंबिकाने फोन त्यांच्या हातात दिला. "चहा टाकते."

चहा आला, निवला, त्यावर साय आली. सुदर्शन घुटमळत म्हणाला, "मॅडम, निघायचं? बंदच करायचा ना?"

"बंद कशाला? शेजाऱ्याला बारी देता येईल अशी सोय टाक गेममध्ये. आणि मध्ये बोलू नकोस, लांडगा आलाय!"

केरबांनी मुलाला जवळ ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बाई बरी राखती रे. इचार तिला, मंगळवारी सकाळची बारी मोकळीय."