थांब्यावर थांबलेले दरोडेखोर

"आई, तू गाडी चालवत नाहीस, वरात काढतेस," गाडीच्या किल्ल्या खिशात टाकत रादोवान म्हणाला. "परवा तुझ्यामागे सतरा गाड्या खोळंबल्या होत्या."

"मोजता आल्या ना? म्हणजे सगळ्या शाबूत होत्या," बोझेनाबाई म्हणाल्या.

बोझेनाबाईंनी ब्रनो शहरात एकतीस वर्षं शालिना चालवली होती. शालिना म्हणजे ट्रामच. पण तिला ट्राम म्हणणारा माणूस ब्रनोत राजधानी प्राहाचा समजला जातो आणि त्याला कुणी धड पत्ताही सांगत नाही. आता त्यांची एकच इच्छा होती. आठ महिन्यांच्या नातीला, आनेश्काला, स्वतः गाडी चालवत धरणाकाठच्या बागघरी न्यायचं. गेले तीन शनिवार रादोवान ही इच्छा पुढच्या शनिवारावर ढकलत होता.

बोलता बोलता तो संगणकापुढे बसला. तोच जुना खेळ. टोप्या घातलेले गुंड, लांबलचक काळ्या मोटारी, बँकेवर दरोडा. शाळेत असताना सुरू केलेला. मधल्या अठरा वर्षांत नोकरी लागली, लग्न झालं, तीन संगणक बदलले. पण दरोड्यानंतर बंदर गाठायचं काही जमलं नाही. तरी दर शनिवारी कॉफी घेऊन तो तिथेच. "माझी सवत," त्याची बायको यित्का म्हणे, "वय झालं, पण रूप उतरत नाही मेलीचं."

नेहमीप्रमाणे पोलिसांनी त्याला धरलं.

"बघ, नऊ मिनिटांत बंदर. मागे दुसरी टोळी, वर पोलीस. याला हात चपळ लागतो, आई. तू करून दाखव, किल्ल्या तुझ्या."

"मी ऐकलंय हं," लेकीला खांद्यावर थोपटत यित्का म्हणाली.

बोझेनाबाईंनी चष्मा पुसला आणि खुर्चीत बसल्या. कुठली कळ कशाची, ते दोनदा विचारून घेतलं.

"चौघंही बसले का?"

"अगं, दरोडेखोर आहेत ते."

"असू देत. दार लागल्याशिवाय गाडी हलत नाही."

पहिल्याच चौकात त्या थांबल्या.

"आई, लाल दिवा आहे."

"दिसतोय. म्हणून तर थांबले."

"मागून बंदुका घेऊन टोळी येतेय."

"येऊ दे. त्यांनाही लालच आहे."

पुढच्या रस्त्यावर शालिना थांब्याला लागली होती. माणसं रस्त्यावर उतरत असताना शेजारून गाडी दामटणं बोझेनाबाईंच्या लेखी खुनाच्या एक पायरी खाली होतं. त्यांनी गाडी उभी केली. मागून टोळीच्या तीन मोटारी सुसाट आल्या, यांना ओलांडून, शालिनेला घासून पुढे गेल्या. कोपऱ्यावरच्या पोलिसाने शिट्टी फुंकली आणि तो त्यांच्या मागे लागला.

"त्यांनाही पकडतात?" रादोवान पुटपुटला. अठरा वर्षं तोच सगळ्यांच्या पुढे असायचा. त्याला कळायचं कुठून?

"आई, दीडच मिनिट उरलंय. दाब की."

"लवकर पोचणारा चालक सगळ्यात वाईट. थांब्यावरच्या माणसांची शालिना चुकते त्याने."

दोन सेकंद राखून त्या बंदराला लागल्या. पडद्यावर पाणी चमकलं, जहाजाचा भोंगा वाजला, समुद्रपक्षी उडाले. रादोवान खुर्चीच्या हातावर टेकला.

"हे असं आहे होय," तो हळूच म्हणाला.

आनेश्कासुद्धा पक्ष्यांकडे टक लावून होती.

यित्का तिला घेऊन खाली गेली. रादोवानने खिशातून किल्ल्या काढून आईपुढे धरल्या.

"ठेव तिथे," त्यांची नजर पडद्यावरच होती. "या चौघांना आता शहरात परत न्यायचंय म्हणे. प्रवासी बसलेले असताना चालक जागा सोडत नाही."

"आनेश्का गाडीत बसलीय."

बोझेनाबाई ताडकन उठल्या. "मग आधी नाही का सांगायचं? बस इथे. चौघांना नीट सोड आणि तू शालिनेने ये."

रादोवान बसला. खाली रिकाम्या गल्लीत गाडी निघाली; मागेपुढे चिटपाखरू नसताना वळणाचा दिवा लुकलुकत होता. ती कोपऱ्यावर पोचायच्या आत वर संगणकातून पोलिसांचा भोंगा सुरू झाला.