मोकलकाकांची गाळणी

आमच्या शिरगावातल्या सोसायटीच्या सभेला मोकलकाका कानांवर हेडफोन चढवून आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतात. नवख्याला वाटतं, गडी गाणी ऐकतोय. तसं नाही. ते सभाच ऐकतात, पण गाळून. त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम माइकमधून आलेल्या आवाजातली नको ती घरघर काढतो आणि उरलेली सभा काकांच्या कानात सोडतो.

एकदा ते मला म्हणाले, "मागच्या पंपाची घरघर काढली रे, तर नुसते विचारे ऐकू यायला लागले."

विचारे म्हणजे आमचे सेक्रेटरी.

"मग?"

"मग काय, पंप परत ठेवला."

काकांचं आयुष्य अंबरनाथच्या एका कारखान्यात यंत्रांची थरथर मोजण्यात गेलं. यंत्र बिघडण्याआधी जरा वेगळं थरथरतं म्हणे. ती बारीकशी खूण सगळ्या गोंगाटातून वेचून काढायची, हे त्यांचं काम. "डिजिटल फिल्टर म्हणजे गाळणीच रे. फक्त चहापत्तीच्या जागी आकडे," असं ते समजावतात. निवृत्त झाल्यावर लोक घड्याळ आणि शाल घेऊन घरी येतात. काका गाळणी घेऊन आले.

आल्या आल्या तिचा पहिला प्रयोग काकूंच्या खिरीवर झाला. मजल्यावरच्या पाच जणांना वाट्या गेल्या. मी म्हणालो, "अप्रतिम!" काकांनी वहीत माझ्या नावावर काट मारली. "सगळ्यात गोड मत फेकायचं, सगळ्यात कडू मत फेकायचं, मधलं धरायचं. तू गळलास." सुलभाकाकू आतून ओरडल्या, "अहो, पोराला दुसरी वाटी तरी द्या!" मी चाळिशी ओलांडलेला पोर. पण दुसरी वाटी मिळाली.

गेल्या वर्षी त्यांनी गच्चीवरची टाकी हातात घेतली. टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा, एवढंच. उल्हासनगरला जाऊन पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर आणला. दुकानदार म्हणाला होता, "साईं, एकदम सच्चा माल है." पण टाकीत धार पडली की पाणी हिंदकळायचं, सेन्सर दर क्षणाला वेगळं सांगायचा, आणि पंप उचकी लागल्यासारखा चालू-बंद, चालू-बंद.

"सेन्सर खरं बोलतो, पण पाणी चंचल आहे," काकांनी निदान केलं आणि गाळणी लावली. एका आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. मागच्या बऱ्याच आकड्यांची सरासरी काढायची आणि मग निर्णय घ्यायचा. पंपाची उचकी थांबली. काकांनी सगळ्यांना पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी टाकी भरली. सरासरीला मात्र ते पटेना. ती मागच्या अर्ध्या तासातल्या रिकाम्या टाकीचा विचार करत बसली. पाणी गच्चीवर आलं. तिथे विचारेवहिनींचे पापड वाळत होते. ते जिन्यावरून एकेक पायरी उतरत तळमजल्यापर्यंत आले आणि त्यांच्यामागून विचारे.

"मोकल! बंद करा ते!"

"होईल, होईल. फिल्टर उत्तम आहे," काका शांतपणे म्हणाले. "फक्त जरा सावकाश विश्वास ठेवतो."

"तुम्ही आणि तुमची गाळणी, दोघं आत्ताच्या आत्ता गच्चीवरून खाली उतरा!"

कमिटीने गच्चीची किल्ली परत मागायचं ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात मारलं. रविवारी सकाळी मी गेलो. दार उघडंच होतं. काका लॅपटॉपसमोर बसले होते. स्क्रीनवर वर-खाली दोन ओळी होत्या. वरची ओळ मुंग्यांची रांग कुणीतरी विस्कटल्यासारखी. खालची गुळगुळीत, पण चिखलात बोट फिरवल्यासारखी.

"काकूंचं अक्षर," त्यांनी न विचारताच सांगितलं.

काकू बदलापूरच्या शाळेत शिकवायच्या. त्यांचं अक्षर बघून इतर शिक्षिका फळा पुसायला धजायच्या नाहीत, असं काका सांगतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. नंतर एकदा वाण्याकडे त्यांनी चिठ्ठी पाठवली आणि वाण्याचा फोन आला, "लहान मुलाने लिहिलंय का?" त्या दिवसापासून त्यांनी कागदाला पेन लावलं नव्हतं. काकांनी लिहायची पाटी आणून लॅपटॉपला जोडली होती. रोज गोड बोलून त्यांच्याकडून एक ओळ लिहून घ्यायची आणि तिच्यातली थरथर गाळायची, असं आठ महिने चाललं होतं. मला, शेजारच्या दाराला, पत्ता नव्हता.

"थरथर काढली की अक्षराचे कोपरेही जातात रे. कोपरे ठेवले की थरथर राहते. दोन्ही एकाच वेगाने येतात, वेगळी कशी करू? एवढी यंत्रं केली मी..." ते हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले.

काकू स्वयंपाकघरातून आल्या. स्क्रीनकडे बघून हसल्या. "यांच्या गाळणीत माझा 'क्ष' वाहून गेला बघ." मग पदराला हात पुसत त्यांनी काकांसमोर एक कागद धरला. "तुमचं होईपर्यंत घरात चहाची साखर राहायची नाही. म्हणून मीच लिहिलंय. जा, घेऊन या."

मी वाकून पाहिलं. खरं सांगतो, मला त्यातलं एक अक्षर लागलं नाही. सगळी ओळ उन्हातल्या हवेसारखी हलत होती.

काकांनी चष्मासुद्धा लावला नाही. "साखर दोन किलो. जाडे पोहे. हळद. कोथिंबीर, पण कोवळी असेल तर. आणि लिमलेटच्या गोळ्या..." ते थांबले. "या कोणाला?"

"तुम्हाला. आठ महिने तोंड कडू करून बसलाय."

काकांनी कागदाची नीट घडी घातली, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि पिशवी शोधायला लागले. मी हळूच विचारलं, "काका, वाचता कसं आलं तुम्हाला?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही.

"म्हणजे? स्वच्छ तर लिहिलंय."