मला झालेली लागणी

माझा माझ्यावर जेवढा ताबा आहे, तेवढा बडोद्यात कुणाचा कुणावर नसेल! सेवउसळीच्या गाडीपुढून मी मान न वळवता जातो. त्यामुळे आमच्या नंदेसरीच्या कारखान्यात कंट्रोल रूमच्या इन्चार्जची जागा निघाली आणि त्यासाठी मानसिक चाचणी होणार असं कळलं, तेव्हा मी बायकोला, अहल्येला, म्हटलं, "पेढे आणून ठेव." ही जागा दिवसपाळीची. मिळाली की रोज संध्याकाळी आमच्या सात वर्षांच्या इराबरोबर जेवता येणार होतं. मला हवं होतं ते एवढंच.

अर्जात 'गुजराती येते का?' ह्यापुढे मी ठोकून 'उत्तम' लिहिलं. कराडहून येऊन आठ महिने झाले होते आणि माझ्या मते गुजराती म्हणजे जरा गोड करून बोललेली मराठीच.

चाचणी घ्यायला नयनाबेन नावाच्या मानसतज्ज्ञ आल्या होत्या. राग आला तर काय करता, अलार्म वाजला तर काय करता, असं तासभर विचारून झाल्यावर त्या हसून म्हणाल्या, "तमारामां लागणी बहु देखाय छे."

लागण! परवाच कारखान्यात रक्त तपासायला दिलं होतं, त्याचा रिपोर्ट ह्यांच्याकडे आलेला दिसत होता. कसली लागण, हे विचारावं तर अर्जातलं 'उत्तम' आडवं आलं.

"घरमां बधांने एकबीजा माटे लागणी तो छे ने?"

एकापासून दुसऱ्याला! माझ्या डोळ्यांपुढे इरा उभी राहिली. "नथी, कोईने नथी," मी घाईघाईनं म्हटलं.

"पत्नीने पण नहीं?"

"बिलकुल नथी."

"अने दीकरीने?"

"थोडी हती. त्रण दिवस गोळी आपी, साफ थई गई."

नयनाबेननी पेन खाली ठेवलं, ग्लासभर पाणी प्यायल्या आणि मग बराच वेळ लिहीत बसल्या.

कंपनीच्या बसमध्ये तोंडाला रुमाल बांधून मी शेवटच्या सीटवर एकटा बसलो. आमचा दांडिया बाजार येईपर्यंत मनातल्या मनात इराचं लग्नसुद्धा माझ्याशिवाय लावून झालं होतं.

दार उघडताच इरा धावत आली. "मागे हो!" मी असा ओरडलो की ती रडायलाच लागली.

"अहो, झालं काय?" अहल्या बाहेर आली.

"मला लागण झालीय."

"कसली?"

"ते विचारलं नाही."

"का?"

"गुजराती येते म्हणून."

अहल्येचा जन्म ह्याच दांडिया बाजारातला. तिनं चाचणीतला शब्द न शब्द माझ्याकडून काढून घेतला आणि कपाळाला हात लावला. "अहो, लागणी म्हणजे माया. तुम्ही मायाळू दिसता, एवढंच म्हणाल्या त्या." मग तिचा चेहरा बदलला. "आणि तुम्ही बायकोला बिलकुल नाही म्हणालात?"

पुढचे आठ दिवस मी कारखान्यात निकालाला भ्यालो आणि घरात अहल्येला. नवव्या दिवशी मॅनेजर पीयूषभाईंचं बोलावणं आलं.

त्यांनी अहवाल वाचून दाखवला. भावना शून्य. पोटच्या मुलीची मायासुद्धा औषध देऊन घालवलेली. स्वतःवर असा ताबा आजवर पाहण्यात नाही. कारखान्यात काहीही झालं तरी हा माणूस जागचा हलणार नाही. जागा मला मिळाली होती!

"अने हां, दत्तात्रेयभाई," पीयूषभाई म्हणाले, "गणपती, नवरात्री, दिवाळी, बधी ड्युटी तमारी. बीजा बधा घर-घर करे छे. तमने क्यां कोई लागणी छे?"

ह्याला पंधरा दिवस झाले. खरं सांगून टाकावं म्हणून रोज त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत जातो आणि जागा जाईल ह्या धास्तीनं परत येतो. काल इरानं विचारलं, "बाबा, तुम्ही साहेबांना घाबरता?"

"छे," मी म्हणालो.

हे मराठीतलं छे की गुजरातीतलं, ते बडोदेकरांना वेगळं सांगायला नको.