चादरींमधून गेलेली शर्यत

आपल्याच खांबाला भलत्याच कोणाची तरी फीत बांधलेली पाहून कडकरावांचं डोकं फिरलं. फीत केशरी होती आणि मालकाच्या थाटात वाऱ्यावर फडफडत होती. तो खांब कडकरावांनी स्वतःच्या हाताने रोवला होता. लॉंड्रीच्या मागच्या दारापासून नदीच्या काठापर्यंत त्यांच्या दोऱ्या होत्या, आणि आज त्या दोऱ्यांवर एका गेस्ट हाऊसच्या पांढऱ्याशुभ्र चादरी वाळायच्या होत्या. कडकराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. कपड्यांना घातलेली खळ आणि बोलण्याची तऱ्हा, दोन्ही पाहून गल्लीनेच ते ठेवलं होतं.

"अगं ए! हे काय लावलंय आपल्या खांबाला?"

बायको पायरीवर बसून नव्या बुटांच्या नाड्या बांधत होती. "आजच्या शर्यतीचा मार्ग आहे तो. केशरी फिती बघत बघत धावायचं. सांगितलं होतं की तुम्हाला."

"आपल्या दोऱ्यांमधून?"

"आपल्या दोऱ्यांमधून, मग काठाकाठाने पुलापर्यंत. पहिला टप्पा ग्रंथपालबाई धावणार, पुलावर माझ्या हातात बॅटन देणार, तिथून दुसरा टप्पा माझा. याल ना बघायला?"

"हं," कडकराव फितीकडे डोळे वटारून म्हणाले.

हे 'हं' त्या घरात फार जुनं होतं. हातात इस्त्री असली किंवा डोक्यात राग असला, की बायकोच्या कुठल्याही वाक्याला कडकराव हं म्हणत आणि ते वाक्य वाफेबरोबर वर निघून जाई. बायको शाळेत असताना पहिली येत असे. लग्नानंतर मात्र, उतू जाणाऱ्या दुधाकडे सोडलं, तर ती कुठेच धावली नव्हती. यंदा तिने मनावर घेतलं होतं. थंडी असो, चिखल असो, रोज पहाटे ती नदीकाठी धावत होती, आणि नवऱ्याची समजूत अशी, की ही फिरायला जाते.

ती पुलाकडे गेली तसा कडकरावांना कंठ फुटला. "म्हणजे दीडदोनशे लोक चिखलाचे बूट घालून माझ्या चादरींमधून जाणार? विचारायची पद्धत नाही? यांच्या दिवाणखान्यातून मी गाढवं नेली तर चालेल?" असं नदीला ऐकवत ते नदीच्या वळणापासून पुलाच्या अलीकडच्या झाडापर्यंत गेले आणि एकूण एक फीत सोडून परत आले. फेकवेनात मात्र. कापड ते कापड. दुकानात नाड्यांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात त्यांनी त्या कोंबल्या, चादरी वाळत घातल्या आणि समाधानाने इस्त्री हातात घेतली.

थोड्याच वेळात मेहुणा आला. धुतलेल्या कपड्यांची गाठोडी सायकलवरून घरोघरी पोचवायचं काम त्याच्याकडे होतं.

"भावोजी, गाठोड्यांना नाड्या कुठल्या लावू?"

"डब्यात बघ! सगळं मीच सांगू का?"

मेहुण्याने डब्यात बघितलं. तो सांगितलेलं काम मन लावून करी, एवढाच त्याच्यात दोष होता. प्रत्येक गाठोड्याला त्याने केशरी फितीचं छान फूल बांधलं, लांब शेपट्या सोडल्या आणि नेहमीप्रमाणे नदीच्या वळणापासून सुरुवात करून गल्लीतल्या एकेका फाटकावर एकेक गाठोडं अडकवत निघाला. शेवटच्या घराला कुलूप होतं. ते गाठोडं त्याने परत आणून लॉंड्रीच्याच दारावरच्या खुंटीला टांगलं आणि तो चहा प्यायला गेला.

कडकराव एका शर्टाच्या कॉलरवर असताना दारात अर्ध्या चड्डीतला एक घामाघूम माणूस उभा राहिला. छातीवर नंबर होता.

"पुढे कुठून?"

"कशाच्या पुढे? ही लॉंड्री आहे."

"पण फीत इथवरच आहे!"

त्याच्या मागून आणखी चार आले, त्यांच्या मागून दहा. दुकानात तंगड्याच तंगड्या झाल्या. एकजण इस्त्रीच्या टेबलाला टेकून पोटऱ्या ताणू लागला.

"टेकू नका! खळ लावलेले कपडे आहेत!"

"अहो, आमचे हाल बघा!" एक लठ्ठसा धावपटू उसळला. "ती फीत बघून मी एका फाटकातून आत गेलो, तर तो दातांचा दवाखाना. खुर्चीत बसवून तोंड तपासलं माझं!"

"मग उघडलंत कशाला तोंड?"

"धाप लागली होती! उघडंच होतं ते!"

कडकरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. दोऱ्यांमधून हुसकावलं, तर हे लोक दुकानात आले! ते सगळ्यांना हाकलणार, तेवढ्यात गर्दीतून लंगडत ग्रंथपालबाई पुढे आल्या. आयुष्यभर लोकांना गप्प बसवणाऱ्या बाई आज स्वतः ओरडत होत्या.

"कोणी केला हा चावटपणा? कुठल्या तरी पायरीवर पाय मुरगळला माझा!"

"बाई, बसा आधी."

"मी बसते हो! पण वहिनी पुलावर उभ्या आहेत. किती महिने खपल्यात त्या! आता हे कोण देणार त्यांना?" त्यांनी बॅटन टेबलावर आपटलं.

'दुसरा टप्पा माझा. याल ना बघायला?' सकाळी वाफेबरोबर गेलेलं वाक्य कडकरावांच्या कानात लख्ख परत आलं. पुलावर नवे बूट घालून रिकाम्या वाटेकडे बघत उभी असलेली बायको त्यांना दिसली. नजर दाराकडे गेली, तर खुंटीवरच्या गाठोड्याला केशरी फूल. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली की ते जास्तच ओरडत.

"बघता काय सगळे? मागच्या दाराने चला! माझ्या मागे या!"

बॅटन उचलून कडकराव चपलांनिशी धावत सुटले. दोऱ्यांना वळसा घालायला वेळ नव्हता. पहिली चादर त्यांनी हाताने सारली, दुसरी तोंडावर बसली, तिसरी गळ्यात घेऊनच ते पुढे गेले. मागून अख्खी शर्यत आली आणि उरलेल्या चादरी तिने पायाखाली घेतल्या. कडकरावांनी मागे वळून पाहिलं नाही. एक चप्पल चिखलात राहिली, तीही त्यांनी सोडून दिली.

पुलावर दुसऱ्या टप्प्याचे सगळे माना उंच करून उभे होते. त्यांना सर्वांत आधी दिसले ते गळ्यात चादर घेतलेले कडकराव.

"अहो, तुम्ही? बाई कुठेत?"

"नंतर! पळ तू!"

तिने बॅटन घेतलं आणि ती सुटली. ती अशी धावते हे कडकरावांनी इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. ते तोंड उघडं टाकून बघत राहिले.

शिट्टी वाजवत आयोजक धावत आले. "काका, तुमचा नंबर कुठाय?"

"नंबर विचारता?" कडकराव कडाडले. "मार्ग आखायची ही पद्धत? कोणीही येऊन सोडेल अशा गाठी मारता? बायामाणसं महिनोन् महिने मेहनत करतात, आणि तुम्हाला साध्या फिती नीट बांधता येत नाहीत?"

आयोजकांनी खाली मान घातली. सगळेच चुकले होते, त्यामुळे बाद कोणालाच करता आलं नाही.

संध्याकाळी बायको गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसली होती. अर्ध्या वाटेपर्यंत ती पहिली होती. मग तरण्या पोरी पुढे गेल्या, तरी ती न थांबता शेवटपर्यंत धावली होती आणि तिचा चेहरा अजून फुललेला होता. कडकराव पुन्हा धुऊन वाळवलेल्या चादरींना इस्त्री करत होते.

"ते सगळं ठीक आहे," ते म्हणाले, "पण आपल्या जागेतून जायची परवानगी त्यांना दिली कोणी? नाव कळू दे मला त्या शहाण्याचं."

"तुम्हीच दिलीत."

"मी?"

"आयोजक स्वतः दुकानात आले होते. तुमच्या दोऱ्यांमधून मार्ग नेला तर चालेल का, म्हणाले. तुम्ही इस्त्री करत होतात. हं म्हणालात. त्यांनी आभार मानले, त्यालाही हं म्हणालात."

कडकरावांनी पुढची चादर ओढली. तिच्या कोपऱ्यावर बुटाचा एक ठसा अजून अंधुक दिसत होता. त्यांनी वाकून पाहिलं, पाणी शिंपडलं आणि दात-ओठ खाऊन इस्त्री दाबली. चर्र करून वाफ उठली.

"बाईंचा पाय काही आता धावायचा नाही," बायको पाण्यात बोटं हलवत म्हणाली. "पुढच्या वर्षी पहिल्या टप्प्याला तुमचं नाव घालू?"

"हं," कडकराव म्हणाले.