अण्णांचा बघण्याचा कार्यक्रम

आमच्या शिवराजअण्णांना कुठलाही व्हिडिओ गेम द्या, ते आधी त्यात पाणी विचारणारं कुणी आहे का ते बघतात. समोर राक्षस उभा असो, मागून बंदुका चालोत, अण्णा तिकडं ढुंकून बघत नाहीत. ते गावातल्या एकेका दाराशी जाऊन उभे राहतात आणि म्हणतात, "बघा सर. पाहुणा दारात येऊन थांबलाय, आन् गूळ-पाणी इचारायला कुणी न्हाई. कसलं घर म्हणायचं ह्ये?" तेवढ्यात मागचा राक्षस आपलं काम करून जातो.

अण्णा म्हणजे बीदरात मैलूरला भांड्याचं दुकान असलेले साठीचे गृहस्थ. मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहतो आणि कॉलेजात भूगोल शिकवतो. पांढरा शर्ट, पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि कानांवर मुलांचे घालतात तसले जांभळे हेडफोन, हे ध्यान मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं कानाला काही दुखापत झाली असावी. नंतर कळलं, अण्णा इंटरनेटवर गेमची परीक्षणं करतात. कार्यक्रमाचं नाव 'बघण्याचा कार्यक्रम'.

नाव उगाच पडलेलं नाही. अण्णांचा खरा छंद सोयरिकी जुळवण्याचा. ज्याच्या घरी लग्न ठरतं तो त्यांच्या दुकानात भांडी घ्यायला येतो आणि ज्याच्या घरी ठरत नाही तो ठिकाण विचारायला येतो. औरादपासून अफजलपूरपर्यंत कुणाची मुलगी काय शिकली आणि कुणाच्या मुलाचा पाय कुठं घसरतो, हे अण्णांना तोंडपाठ. त्यामुळं गेम बघायचा म्हणजे स्थळ बघायचं, एवढंच त्यांना ठाऊक. तलवार घेऊन धावणारा वीर पडद्यावर आला की पहिला प्रश्न, "ह्येचे वडील काय करतेत?"

गाजलेल्या गेमच्या वाटेला ते जात नाहीत. मी एकदा एक नाव सुचवलं तर म्हणाले, "त्येच्या दारात आधीच गाड्याच गाड्या लागल्यात. तिथं आपली काय गरज? जिथं कुणी बघायला जायना, तिथं आपण जायाचं." मग कुठल्यातरी थंड देशातल्या एकट्या माणसानं खपून बनवलेला आणि कुणीही न उघडलेला गेम ते शोधून काढतात. इंग्रजी जेमतेम, पण अडत नाही. इतकी वर्षं समोरच्याच्या घरात काय चाललंय हे ते न सांगताच ओळखत आलेत.

भुताचा एक गेम त्यांनी पाहिला तेव्हा मी शेजारी होतो. ओसाड घर, करकरणारा जिना, अंधारं स्वयंपाकघर. आतून केस सोडलेली बाई किंचाळत धावून आली. मी खुर्चीसकट मागं सरलो. अण्णांचा चेहरा मात्र उजळला. "आली बघा! एवढ्या वेळानं का होईना, घरातलं माणूस बाहेर आलं." मग जरा वाकून पाहिलं आणि हिरमुसून म्हणाले, "हात रिकामाच हाय की."

गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये सगळे पुढं निघून गेले आणि अण्णा गाडी कडेला लावून रस्त्याकडंची शेतं बघत बसले. कोडी सोडवायच्या गेममध्ये उत्तर चुकलं की ते स्वतःवर न चिडता कोडं घालणाऱ्याचं कौतुक करतात, "डोस्कं चालतंय पोराचं." पण निकाल सांगायची त्यांची रीत ठरलेली. सोयरिकीत नकार तोंडावर देत नाहीत. म्हणून गेम कितीही रद्दी असला तरी अण्णा म्हणणार, "घरी इचारून कळवितो." हे शब्द आले की समजायचं, मोडलं. आवडला तर, "पुढची बोलणी करायला हरकत न्हाई." यापलीकडं तिसरा निकाल नाही.

बघणारे थोडकेच. पण एकदा दिवा जपणाऱ्या म्हाताऱ्याचा एक गेम अण्णांनी उलटापालटा करून पाहिला आणि त्याच्या कर्त्यानं परदेशातून खाली दोन ओळी लिहिल्या. मी त्या मराठीत सांगितल्या: माझ्या गेममध्ये एवढा वेळ कुणीच थांबलं नव्हतं, तुमचे आभार. अण्णा हेडफोन काढून धोतरानं पुसत बसले. "ज्यानं केलंय त्यो कुणी बघंल म्हणून वाट बघत असतो सर," एवढंच म्हणाले.

हा माणूस या नादाला लागला कसा, याचं मला भारी कुतूहल. अण्णांना विचारलं की ते हसून दुसरीकडं वळत. शेवटी एका दुपारी शांताअक्कांना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, विचारलं. अक्का ज्वारी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आमच्या सुजाताच्या पायी."

सुजाता त्यांची एकुलती लेक. हैदराबादला असते आणि दोन मैत्रिणींबरोबर गेम बनवते, एवढं मला ऐकून माहीत होतं. पुढचं अक्कांनी सांगितलं. गावच्या सोयरिकी जुळवणाऱ्या अण्णांनी लेकीला न विचारता अफजलपूरच्या एका घराला शब्द दिला होता. लेक म्हणाली, "अप्पा, म्या काय करते ते तरी एकदा बघा." अण्णा म्हणाले, "खेळण्यात काय बघायचंय?" ती निघून गेली. ठिकाण मोडलं आणि बापलेकीचं बोलणंही आटलं. आठवड्याला फोन येतो. अण्णा विचारतात, "ऊट आयता?" जेवलीस का, असं. ती म्हणते, "व्हय." मग फोन अक्कांकडं.

"आन् तवापासून शिकायलेत बघा," अक्का म्हणाल्या. "पोरीचा गेम तयार हुईल, आन् आपल्याला बघताच आला न्हाई तर काय, म्हणून. सगळ्या दुनियेचे बघून झाले. तिचा अजून यायचाय."

त्या दिवसापासून मला अण्णांच्या गमतीचं नुसतं हसू येईना. हा माणूस एका परीक्षेला बसणार होता आणि रोज सराव करत होता.

आणि एक दिवस तो गेम आला. अण्णांनी तो स्वतः उघडलाही नाही. रविवारी सकाळी मला खाली बोलावलं. जाऊन बघतो तर सतरंजी अंथरलेली, चुरमुऱ्यांचा सुशीला झालेला, चहाचं आधण ठेवलेलं, आणि अण्णा इस्त्रीच्या कपड्यांत. मला हाताला धरून संगणकासमोरच्या त्यांच्या खुर्चीत बसवलं.

"आज तुम्ही मुलाकडचे," म्हणाले.

"अण्णा, मला खेळता येत नाही. तुम्ही बसा की."

"आपल्याच पोरीला आपण बघायला जात असतेत का सर?" असं म्हणून ते मागं गेले आणि उंबरठ्याला टेकून खाली बसले. हात गुडघ्यांवर, मान खाली. आमच्याकडं बघण्याच्या कार्यक्रमात मुलीचा बाप तिथंच बसतो. त्यानं मध्ये बोलायचं नसतं.

कॅमेरा माझ्या तोंडावर. गेम सुरू झाला. तांबड्या मातीचं एक गाव, आणि त्यात एक मुलगी. तिच्याकडं शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडी. भांड्यावर कोरलेलं अर्धंमुर्धं पुसलेलं नाव वाचायचं, मालक शोधायचा आणि भांडं परत करायचं. पण रिकामं द्यायचं नाही. डब्यात चिमूटभर साखर तरी हवी, नाहीतर दार उघडत नाही. मी तीनदा रिकामी वाटी घेऊन गेलो आणि तीनदा दार बंद. अक्का मागून ओरडल्या, "साखर घाला की ओ सर!"

कोपऱ्यावर भांड्याचं दुकान होतं. पांढऱ्या धोतरातला एक दुकानदार यंत्रानं पातेल्यावर नाव कोरत बसलेला. ट्रर्र ट्रर्र. अण्णांच्या दुकानातला आवाज मला झोपेतही ओळखू येईल, कारण तो माझ्या खोलीखालीच असतो. नक्की तोच होता. मी मागं पाहिलं. अण्णांची मान खालीच होती, पण कान इकडं होते.

शेवटी साखर घातलेली वाटी नीट पोहोचवली. दार उघडलं. आतून एक म्हातारी आली, हातात तांब्या आणि ताटलीत गुळाचा खडा.

"अण्णा," मी खुर्चीतून उठलोच, "गूळ-पाणी विचारलं!"

म्हणजे ती पोर, सुजाता, अण्णांचं सगळं बघत आली होती. एकही कार्यक्रम चुकवला नसणार. अण्णांनी मान वर केली नाही. फक्त धोतराचा सोगा मुठीत घट्ट धरलेला दिसला.

आता निकाल सांगायचा होता. दोनच वाक्यं होती आणि त्यातलं एक बोलायची माझी छाती नव्हती. बोलायचं कारणही नव्हतं. गेम खरंच सुंदर होता. मी कॅमेऱ्याकडं बघून म्हणालो, "पुढची बोलणी करायला हरकत नाही."

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. उंबरठ्यावरून बारीक आवाज आला, "खरं का सर? का आमच्या तोंडावर बोलायलाव?"

"खरं अण्णा. शपथ."

तो कार्यक्रम अण्णांनी होता तसा इंटरनेटवर टाकला आणि पुन्हा उंबरठ्यावर जाऊन बसले. जेवायला हाक मारली तरी उठेनात. दुपारी फोन वाजला. अण्णांना कमी ऐकू येतं म्हणून अक्कांनी आवाज मोठा केला.

"अप्पा," सुजाताचा आवाज आला, "सगळं बघितलं म्या. सरांच्या मागं तुम्हीच दिसायलाव. तुम्ही तिथं दारात कामून बसलाव?"

अण्णा म्हणाले, "मुलीचा बाप हाय न्हवं मी."

तिकडून नाक ओढल्यासारखं झालं आणि ती म्हणाली, "म्या येत्या ऐतवारी घरी येते. तुम्ही खेळायचं, आन् म्या शेजारी बसून बघते. येऊ का?"

अण्णांनी फोन आपल्या हातात घेतला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून जे बाहेर पडायचं तेच पडलं.

"घरी इचारून कळवितो."

"अहो, 'ये' म्हणा तिला, ये!" अक्कांनी फोन हिसकावून घेतला. पण त्याआधीच तिकडून सुजाता हसायला लागली होती. खळखळून, थांबेचना. हसता हसता म्हणत होती, "अम्मा, मोडलं का काय माझं?"

अण्णा उंबरठ्यावरच होते, हसत होते आणि डोळे गळत होते. त्यांना एकट्यानं उठवेना. मी हात दिला, तेव्हा उठून आत आले आणि आपल्या खुर्चीत बसले.